पुलाच्या मधोमध सही

गुरबार्ध,
५ नोव्हेंबर २००७

झादे,

मी बरी आहे, तूही असशील असं धरून चालते. गुडघे सोडले तर माझं सगळं जागेवर आहे. लाकडं फोडून झाली, मिरच्या भाजून बरण्या भरल्या, गाय गाभण आहे. माझा रेजेप गेला त्याला या हिवाळ्यात सहा वर्षं होतील. तुझा मिलोसावही गेला असं ऐकलं. त्यावर काही म्हणत नाही. ऐकलं, एवढंच.

चव्वेचाळीस वर्षांनी बहिणीला पत्र लिहायचं तर सुरुवात कशी करतात ते मला कोणी शिकवलं नाही. चौथीनंतर माझ्या हातात गाईचं दावं दिलं, तू आठवीपर्यंत गेलीस. तेव्हा चुका काढत बसू नकोस. अक्षर मुद्दाम थोराड काढते आहे. तुझा डावा डोळा गेला आणि उजवाही विझत चाललाय, असं मधवाला शुक्री सांगत होता. हे पत्र त्याच्याच डब्यांच्या टोपलीतून येईल. त्याला दोन्ही काठांवरचे लोक शिव्या घालतात, म्हणून तो दोन्ही काठांवर सुखरूप फिरतो.

तू तिकडच्या सैनिकांकडे कागद दिलास ते मला कळलं. नजर आहे तोवर आईची कबर बघायची आहे, नदीपलीकडे एकटी जाऊ शकत नाही, मला नेऊन आणा, असा. खरंच आहे. मिलोसावचं सर्बी आडनाव लावून तू आमच्या अल्बेनियन गल्लीतून चालत आलीस तर काय होईल ते तुला ठाऊक आहे, मलाही. गेल्या वर्षी तिकडच्या एका गाडीच्या काचा इथे कोणी फोडल्या ते कोणी सांगत नाही, आणि सगळ्यांना माहीत आहे.

मला तुझ्या कागदाचं कसं कळलं म्हणशील, तर मी तिथेच असते. जुन्या वीटभट्टीच्या टेकडीवर, लढाईनंतर दोन्ही काठांना आवरायला आलेल्या परदेशी फौजेची छावणी आहे ना, तिच्या मुख्यालयात मी कॉफी करते. चौसष्टाव्या वर्षी. हसून घे. माझी नात ड्रेनुशा तिथे दुभाषी आहे, तिने मला चिकटवलं.

त्या जागेला ते प्रादेशिक कमांड म्हणतात. मी जन्मात असं काही पाहिलं नव्हतं, म्हणून सांगते.

दारात नऊ झेंडे आहेत. कोणाचा आधी यावरून रुसवेफुगवे नकोत म्हणून देशांच्या नावांच्या अक्षरांप्रमाणे लावलेत. नऊ झेंड्यांखाली जनरल मात्र एकच. आयरिश आहे, डेलाहंट नावाचा, कान कायम लाल. तिथे सगळे इंग्रजीत बोलतात, आणि ती भाषा घरची आहे ती बहुतेक त्याचीच, तर कोणाला कळत नाही ते नेमकं त्याचंच बोलणं. तो बोलला की चेक माणूस फिनलंडवाल्याकडे बघतो आणि फिनलंडवाला छताकडे. मग हापाला तेच सगळं सावकाश पुन्हा सांगतो, तेव्हा कामं सुरू होतात. हापाला म्हणजे कर्नल, स्टाफचा प्रमुख. जनरल घरचा कर्ता, पण किल्ल्या हापालाच्या कमरेला. जनरलपुढे जाणारा प्रत्येक कागद आधी त्याच्या नाकाखालून जातो, आणि ते नाक लांब आहे.

खोल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. माणूस जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून येवो, तीन नंबरच्या खोलीत काय चालतं ते त्याला आधीच ठाऊक असतं. दोन नंबरवाले गावोगावच्या बातम्या गोळा करतात आणि मी ट्रे घेऊन शिरले की नकाशावर टॉवेल टाकतात. मला माहीत नसलेली एक तरी बातमी त्या टॉवेलखाली असेल तर मी मिशी ठेवीन. तीन नंबर ठरवतं की आज कोणती तुकडी कुठल्या रस्त्याने जाणार. चार नंबरकडे डिझेल, टायर आणि माझी साखर. नऊ नंबर आमच्यासारख्या गावकऱ्यांशी बोलायला. तिथे इल्वा नावाची स्वीडिश कॅप्टन आहे, पोरगी एवढीशी आणि बूट होडीएवढे.

सहा महिन्यांनी सैनिक बदलतात, वर्षाने जनरल बदलतो, पण तो कारखाना एक सकाळ बंद पडत नाही. डेलाहंट आला त्या दिवशी मी मागे उभी होते. जुन्या जनरलने झेंडा राजधानीहून आलेल्या बड्या जनरलच्या हातात दिला आणि त्याने तो नव्याच्या हातात. जुन्याकडून थेट नव्याकडे जात नाही, मध्ये थोरल्याचा हात लागतोच. आठशे माणसं उभी होती आणि कापडाची फडफड ऐकू येत होती. मी शाल नाकापर्यंत ओढली. थंडी असेल.

पण खरी गोष्ट मला चार महिन्यांनी कळली. त्या आठशेंतले त्याचे स्वतःचे म्हणावेत असे मूठभरच. बाकी सगळे उसने. प्रत्येक देशाने आपली पोरं दिलीत आणि सोबत आपला एक थोरला अधिकारीही बसवलाय. जनरल म्हणतो, तुमची तुकडी उद्या अमुक ठिकाणी जाऊ दे. थोरल्याला घरून, म्हणजे त्याच्या देशाकडून, परवानगी नसली तर तो म्हणतो, माफ करा, आम्हाला हे करता येणार नाही. संपलं. फुटबॉलमधल्यासारखं लाल कार्ड म्हणतात त्याला. आणि जनरल ओरडत नाही! आपल्या बाबाला जेवताना कोणी असं म्हटलं असतं तर ताट भिंतीवर गेलं असतं. हा मान हलवतो, नकाशावर पेन्सिलीने दुसरी रेघ ओढतो आणि दुसऱ्याला विचारतो. कोणाच्या घरचं म्हणणं अंधारात जायचं नाही, कोणाचं नदी ओलांडायची नाही, कोणाचं गर्दीसमोर उभं राहायचं नाही. एवढ्या नकारांतून वाट काढत हा माणूस रोज सकाळी आठ वाजता आठशे जणांना कामाला लावतो. मी कॉफी ओतताना बघत राहते. परवा कप वरून सांडला.

तुझ्या कागदाचं म्हणशील तर तो परत गेला. गावात तुझं कोणी सापडलं नाही, असा शेरा आहे. मोठ्या लोकांची कामं, आपण काय बोलणार. पुन्हा अर्ज करू नकोस. डोळ्यांची काळजी घे.

हातमोने


गुरबार्ध,
१३ नोव्हेंबर

झादे,

तुझी चिठ्ठी शुक्रीने मधाच्या डब्यासकट दिली. "फौजेने लिहून कळवलं की गुरबार्धमध्ये माझं कोणी जिवंत नाही. त्याच दिवशी तुझं पत्र आलं. मेलेल्या बाईचं अक्षर अजून तेवढंच वाकडं आहे." तीनच वाक्यं, आणि खाली नावही नाही. वाचून आधी मी हसले. मग चुलीपाशी बसले ती उठलेच नाही, दूध उतू गेलं.

आता नीट सांगते.

तुझा कागद इल्वाने सकाळच्या बैठकीत वाचला तेव्हा मी साखर फिरवत होते. त्यांच्या हद्दीचं असं आहे की नदीपर्यंत आमची कमांड. पलीकडे दुसरी, तिचा जनरल वेगळा, देश वेगळे. पुलाच्या मधोमध पांढरी रेघ मारलीय. तिकडून माणूस आणायचं तर इकडच्या कोणालातरी रेघेवर येऊन, ही माझी, असं म्हणत सही करावी लागते. फौज म्हाताऱ्या बाईला नेऊन रस्त्यावर सोडत नाही, घरच्या माणसाच्या हाती देते. ते मला पटलं. आपल्याकडेही उंबऱ्यावर कोणी सामोरं गेल्याशिवाय पाहुणा आत येत नाही, आणि एकदा घेतला की त्याच्या केसाला धक्का लागला तरी घराची अब्रू जाते.

जनरलने विचारलं, गावात हिचं कोण आहे? इल्वा म्हणाली, कॉफीवाल्या आजी गुरबार्धच्याच आहेत, त्यांना विचारू. ड्रेनुशा माझ्याकडे वळली.

"आजी, झादे नावाच्या कोणी बाई आहेत, माहेर आपल्या गावचं. त्यांचं इथे कोणी उरलंय का?"

तिने तुझं नाव असं घेतलं जसं औषधाच्या बाटलीवरचं वाचतात. तिला ठाऊकच नाही तू कोण. आमच्या घरात ते नाव मी कोणाला घेऊ दिलेलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "सगळे मेले."

आणि माझ्या नातीने, जिने जन्मात एक खोटा शब्द पुढे पोचवला नसेल, ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. हापालाने लिहून घेतलं. जनरलने पुढचा विषय काढला. दीड मिनिट लागलं असेल. त्या थोरल्यांना नाही म्हणायचं तर आधी घरी फोन करावा लागतो. मला तोही लागला नाही.

तू म्हणशील, जुना राग. हो, आहे. तू पळून गेलीस त्याच आठवड्यात पेया शहरातल्या सराफांनी माझी साखरपुड्याची अंगठी परत मागवली. नदीपलीकडच्याशी सोयरीक झालेलं घर आम्हाला नको, म्हणाले. मी निवडलेलं स्थळ गेलं आणि रेजेप आला. रेजेप वाईट नव्हता. पण तू निवडलेल्याबरोबर जगलीस आणि त्याची किंमत मी दिली, आणि वर आईचं म्हातारपणही माझ्याच वाट्याला.

आणखी एक आहे. ते आत्ता लिहिलं नाही तर पुन्हा लिहिणार नाही.

आई अकरा दिवस अंथरुणावर होती. रोज विचारायची, झादेला कळवलं का? मी म्हटलं, निरोप पाठवला, ती येत नाही म्हणते. निरोप पाठवलाच नव्हता. शुक्री तेव्हाही मध विकायचा, त्या अकरा दिवसांत दोनदा दारावरून गेला. मी त्याला हाकही मारली नाही. आई म्हणाली, "तिला काहीतरी अडचण असेल." तुझी बाजू घेत गेली ती. मला त्याचाही राग आला.

चौदा वर्षं झाली. माफी मागत नाही. मागून आईला काय मिळणार आहे? तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

तुझी चिठ्ठी आली त्याच्या दुसऱ्या सकाळी, म्हणजे आजच, मी आठच्या बैठकीत ट्रे थेट नकाशावर ठेवला. असं कोणी करत नाही. तीन नंबरचा चेक मेजर, ह्रुश्का त्याचं नाव, "पूल! पूल!" करत धावला, कारण किटली नेमकी पुलावर आली होती.

"आजी, वेड लागलंय का?" ड्रेनुशा दातांमधून म्हणाली. "बैठक चालू आहे, बाहेर हो."

"त्यांना सांग, त्या दिवशी मी खोटं बोलले. त्या झादेचं इथे माणूस आहे."

"कोण?"

"मी. माझी सख्खी धाकटी बहीण आहे ती. तुझी आजीच लागते."

पोरीचं काम आहे ऐकलं की बोलायचं, नळासारखं. तो नळ बंद पडला. सगळे तिच्याकडे बघत होते. हापालाने पेन खाली ठेवलं. आणि जनरल, ज्याला उठल्यापासून झोपेपर्यंत घड्याळ सोडत नाही, तो त्या पोरीच्या तोंडून शब्द निघायची वाट बघत बसला. एकदाही घसा खाकरला नाही. शेवटी तिने सांगितलं. आवाज तिचा नव्हता. मग आपल्या भाषेत मला म्हणाली, "घरी गेल्यावर बोलू." तिची आई असंच म्हणते, आणि मला तिची भीती वाटते.

जनरलने विचारलं, "तुम्ही सही कराल?"

"करीन."

"तेव्हा नाही म्हणालात, आज हो म्हणता, असं का?"

"कॉफी निवते आहे म्हणावं," मी ड्रेनुशाला म्हटलं. "पुढचं बोला." तिने तेही सांगितलं. जनरलचे कान आणखी लाल झाले, पण हसला.

मला वाटलं, आता हुकूम सुटेल. नाही. तो खुर्चीत पुढे सरकला आणि हळू, अगदी हळू बोलला, पहिल्यांदाच सगळ्यांना कळेल असं. त्याचे शब्द ड्रेनुशाने मला नंतर सांगितले: "मी हुकूम देत नाही. विचारतो आहे. कोण काय करू शकेल?"

ह्रुश्का म्हणाला, त्याच्या गाड्यांत गावकरी बसवायची परवानगी नाही, पण पुढे-मागे चालायला कोणी अडवलेलं नाही. फिनलंडचा थोरला म्हणाला, गाडीत बसवू, पण पुलावर चाक घालायचं नाही असं घरून लिहून आलंय. इल्वा म्हणाली, मला चाक नकोच, मी पुलावर चालत जाईन. नऊ नंबरवाल्यांना गावकऱ्यांत कुठेही पायी जायला मुभा आहे. चार नंबरचा स्लोव्हाक आतापर्यंत झोपला होता असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, माझ्याकडे एक खुर्ची आहे, घडीची, बाईंना मध्ये बसावंसं वाटलं तर. मग प्रत्येक थोरला उठून आपल्या घरी फोन करायला गेला. प्राग, हेलसिंकी, स्टॉकहोम. जनरलने राजधानीतल्या बड्या जनरलला फोन लावला, कारण पलीकडच्या जनरलशी थेट ठरवायचं नाही, वरून जायचं. त्या बड्याने पलीकडे विचारलं. पाऊण तास मी भिंतीला टेकून उभी होते. कोणी मला बाहेर जा म्हटलं नाही. एकेक जण परत यायचा आणि मान हलवून हो म्हणायचा, आणि ह्रुश्का नकाशावर एकेक बारीक खूण करायचा. तुझ्या गावापासून आईच्या कबरीपर्यंत त्या खुणांची ओळ लागली. मधे कुठेही तुझं पाऊल मोकळं पडत नाही. जिथे एकाचा हात संपतो तिथून दुसऱ्याचा सुरू होतो.

झादे, त्या माणसांनी तुला पाहिलेलं नाही. तुझं नावही त्यांना नीट घेता येत नाही. आणि मी, जिने तुझी वेणी घातली, तुझ्या डोक्यातल्या उवा काढल्या, मी दीड मिनिटात तुला मारून टाकलं होतं. ते मी त्या भिंतीपाशी उभी राहून बघितलं.

घरी जेवताना ड्रेनुशा एवढंच म्हणाली, "ती कशी दिसते?" मी म्हटलं, "माझ्यापेक्षा बरी. होती."

हातमोने


गुरबार्ध,
१७ नोव्हेंबर

झादे,

शुक्री म्हणतो, माझं पत्र तू त्याच्यासमोर वाचलंस, भिंग लावून, आणि घडी करून एप्रनच्या खिशात ठेवलंस. काही बोलली का, विचारलं. तर म्हणतो, "मधाचा भाव विचारला." तुझंच रक्त, मला ओळखू आलं.

ठरलेलं लिहिते. मंगळवारी, वीस तारखेला सकाळी साडेनऊला तिकडचे सैनिक तुझ्या दारात येतील. ते तुला पुलाच्या रेघेपर्यंत आणतील, पुढे एक पाऊलही येणार नाहीत, त्यांना रागावू नकोस. रेघेच्या अलीकडे होडीसारखे बूट घातलेली ती इल्वा असेल, आणि ड्रेनुशा. खुर्ची असेल. स्लोव्हाक माणूस ती परवापासून तेल घालून तयार करतोय. गाडी इकडच्या काठावर. जाड मोजे घाल, पुलावर वारा फार आहे.

सहीचा कागद ड्रेनुशाने मला वाचून दाखवला. त्यात लिहिलंय, या व्यक्तीला मी आपल्या घरी घेते आणि परत पोचेपर्यंत हिची जबाबदारी माझी. खाली नातं लिहायची जागा आहे. मी तीन दिवस तो शब्द गिरवते आहे.

आता एक गोष्ट. आईचं कळल्यावर तुला माझ्या सहीवर इकडे यायचं नसेल, तर नाही म्हण. तिकडच्या सैनिकांना दारातच सांग, ते गाडी वळवतील, कोणी तुला का म्हणून विचारणार नाही. ते मी रोज बघते. नाही म्हणणाऱ्याचा तिथे अपमान होत नाही, त्याच्यासाठी दुसरी रेघ ओढतात. जनरललाही मी हे सांगून ठेवलंय. तो म्हणाला, मग आपण तिला पुन्हा विचारू. आपण, म्हणाला.

मी दहाला रेघेवर असेन. आईची कबर काल घासून धुतली, कडेचं गवत काढलं. आईला अजून काही सांगितलेलं नाही. एकदा तुझ्याबद्दल तिला खोटं सांगून झालंय, आता तू समोर उभी राहिलीस की मगच तोंड उघडीन.

तुझी जबाबदारी घेणारी,
तुझी थोरली
हातमोने